टॉर्क सरांची वाटूरची फेरी

कुणाशीही ओळख झाली की टॉर्क सर त्या माणसाकडे डोळे बारीक करून बघायचे आणि त्याचं इंजिन ठरवून टाकायचे. गावात नवे ग्रामसेवक हजर झाले, त्यांचा सत्कार झाला, त्यांनी तडफदार भाषण केलं. टाळ्या संपायच्या आत सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "हॉर्सपॉवर लई आहे, पण सगळी वरच्या आरपीएमला, इंजिन जोरात फिरलं तरच. चढ लागू दे, मंग बघ." चढ लवकरच लागला. पाण्याच्या टाकीवरून पहिल्याच ग्रामसभेत गोंधळ झाला आणि ग्रामसेवक रजेवर गेले. उलट आमच्या अंगणवाडीच्या सखूबाईंचा आवाज कधी कुणी ऐकला नसेल. त्यांच्याबद्दल सर म्हणायचे, "अख्खी अंगणवाडी ती बाई ओढून राह्यली. आवाज न्हाई, धूर न्हाई. पहिल्या गिअरलाच सगळा टॉर्क."

टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढण्याची ताकद. माणूस असो की मोटार, त्यांचा प्रश्न एकच असे. "ताकद किती ते सोड. कधी येते ते सांग." त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही.

सर आष्टीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सुई काढलेल्या सिरिंजचा दट्ट्या खाली-वर करत त्यांनी आम्हाला इंजिन शिकवलं. आठवीत मी वर्गाची मॉनिटर होते; सरांच्या लेखी ते पद मी आजन्म सांभाळलं. आता मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, मुलगा कॉलेजात आहे, तरी बाजाराच्या दिवशी भर गर्दीतून हाक यायची, "ए मॉनिटर!" आणि मी हातातली मेथीची जुडी तशीच धरून सावधान उभी राहायची.

गंमत म्हणजे सरांनी स्वतः चारचाकी कधी घेतली नाही. त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती, आधी एका कुशीवर वाकवून मग किक मारावी लागणारी. पण बाजारात कुठली गाडी नवीन आली की सर एसटीने जालन्याला जाऊन येत. शोरूममधला मुलगा विचारायचा, "साहेब, गाडी घ्यायची का?" "न्हाई बाबा," सर म्हणायचे, "समजून घ्यायची." मग कॉम्प्रेशन रेशोपासून सुरुवात. त्या मुलाला उत्तरं यायची नाहीत, म्हणून तो माहितीपत्रक द्यायचा. सर ते घडी न मोडता घरी आणून गादीखाली ठेवायचे. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात वऱ्हाडाच्या ट्रकला कोणतं इंजिन व्हतं ते यांना पाठ आहे. माझी साडी कोणत्या रंगाची व्हती, विचारा बरं." सर हसून विषय बदलायचे. साडी त्यांना खरोखरच आठवत नसावी.

त्यामुळे आष्टीत आणि आसपास कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी सरांना विचारायचं, अशी रीतच पडली. सोयरीक जमवणाऱ्या माणसाला विचारावं तसं. गणपतरावांच्या बियाणांच्या दुकानात लाकडी बाक होता, त्यावर हा दरबार भरायचा. गणपतराव सरांचे लहानपणापासूनचे मित्र. शेती मोठी, दुकान चालतं, बोलणं तिखट. सर गिऱ्हाइकाला टॉर्क समजावून सांगत असले की गणपतराव वजन करता करता म्हणायचे, "मास्तर, आधी त्याला कपाशीचं बी घेऊ द्या. गाडी पिकल्यावर घेईल तो." सर त्यांच्याबद्दल सांगायचे, "गणपत म्हणजे जुनं डिझेल. गरम व्हायला वेळ लागतो. पण एकदा झाला की मधे कुठं थांबत न्हाई."

मग ते छोटं इंजिन आलं. हजार सीसीच्या आतबाहेरचं, तीनच सिलिंडरचं, टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन, आणि इंधन थेट सिलिंडरच्या आत फवारणारं. सर माहितीपत्रक घेऊन आले ते दुकानात उभे राहूनच वाचायला लागले. एकशेवीसच्या आसपास हॉर्सपॉवर. टॉर्क एकशे सत्तरच्या वर, आणि तो पंधराशे आरपीएमपासूनच! एवढ्याशा इंजिनातून पूर्वी याच्या निम्म्याने मिळाला तरी लोक खूश असत. "गणपत, बैल लहान अन् ओढ थोरल्याची," सर म्हणाले. "बिलकुल डोळे मिटून घे." गणपतरावांनी गाडी डोळे मिटून घेतली. पुढच्या वर्षी, सरांच्याच शब्दावर, मीही तेच इंजिन असलेली गाडी घेतली.

नवी गाडी दारात आली की लोक नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आम्ही बौद्ध, आमच्या घरी ते काही नसतं. सर म्हणाले, "मंग आपण बॉनेट उघडू." गल्लीतले लोक जमले होते. सरांनी बॉनेट उघडून माझ्या सासूबाईंना पुढे बोलावलं आणि घरात आलेल्या सुनेची ओळख करून द्यावी तशी इंजिनाची ओळख करून दिली. सासूबाईंनी वाकून पाहिलं. "एवढंसंच? विहिरीवरचं इंजन याच्याहून दांडगं व्हतं की."

"आजी, त्या इंजिनात पेट्रोल अन् हवा बाहेरच कालवून आत पाठवायचे," सर म्हणाले. सासूबाईंचं विहिरीवरचं इंजिन डिझेलचं होतं, पण सर रंगात आले होते. "यात तसं न्हाई. याच्यात थेट तोंडात घास भरवतात. एक शीत सांडत न्हाई."

"मंग लाडावलेलं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. सर सगळ्यांत जास्त हसले.

पुढे काही वर्षं दोन्ही गाड्यांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ओव्हरटेक करताना पाय दाबला की गाडी पुढे झेपावायची आणि मला दर वेळी सरांची आठवण व्हायची. बिघाड आधी गणपतरावांच्या गाडीत सुरू झाला. सकाळी चालू केली की थरथरायची. मग गचके द्यायला लागली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, विझायचा. गणपतरावांनी चार दिवस बघू म्हणून सोडून दिलं, आणि नेमकी ती नको त्या दिवशी बंद पडली.

त्यांच्या मुलीला बघायला मंठ्याहून पाहुणे आले होते. बोलणी चांगली झाली. परतताना गणपतराव त्यांना वाटूरच्या फाट्यापर्यंत सोडायला स्वतःच्या गाडीतून निघाले. परतूरच्या अलीकडे गाडीने दोन गचके दिले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून ट्रक हॉर्न वाजवतोय, ऊन डोक्यावर. शेवटी होणारे व्याही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत खाली उतरले आणि गाडी ढकलायला लागले. सोयरीक झाली, लग्नही थाटात झालं. पण व्याही गमत्या माणूस. गणपतरावांचा फोन गेला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय व्याही, येऊ का ढकलायला?"

त्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात होते. सर नेहमीप्रमाणे बाकावर येऊन बसले. गणपतराव तराजूवरून मान वर न करता म्हणाले, "मास्तर, पुस्तक तुम्ही पाठ केलं अन् परीक्षा माझी झाली." दुसऱ्या दिवशी सरच गाडी ओढून घेऊन जालन्याला गेले. सोबत मी होते. गणपतराव आले नाहीत.

गॅरेजवाल्याने वरचे पाइप काढले आणि बॅटरीचा उजेड आत मारला. "या सर, बघा." हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा कोळसा बसला होता, भाकरी करपल्यावर तव्याला बसतो तसा. गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं, "इंजिनात खोट न्हाई सर. जुन्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हवरून आत जायचं, त्यानं व्हॉल्व्ह आपोआप धुतला जायचा. यात पेट्रोल थेट आत. ऑइलची वाफ व्हॉल्व्हवर बसती, ती धुणार कोण? त्यात ही गाडी घर ते दुकान, दुकान ते घर. गरम व्हायच्या आधीच बंद. मी साफ करून देतो. पण वापर असाच राह्यला तर पुन्हा बसणार. हप्त्यातून एकदा तरी लांब पळवा."

"पळवल्यानं बसलेला कार्बन निघतो का?" सरांनी विचारलं.

"न्हाई. बसलेला घासूनच काढावा लागतो. पळवलं तर नवा जरा कमी बसतो. एवढंच."

सर बराच वेळ त्या व्हॉल्व्हकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "थेट तोंडात घास भरवला, मॉनिटर. ओठ धुवायचे राह्यले."

परतताना एसटीत सर वाटूर गेल्यावर एकदम म्हणाले, "गणपतचं घर ते दुकान, मधे एक देऊळ अन् एक पिठाची गिरणी. मी रोज तिथून पायी जातो. मला हे ठाऊक न्हाई का? मी त्याला एकदा तरी विचारायचं, बाबा रे, तू जातो कुठं?" थोड्या वेळाने पुन्हा, "गाडी चांगली. माणूस चांगला. जोडी मी लावली."

मी व्यवहारी बाई आहे. कुठलाही घोळ झाला की कोणाचं किती चुकलं हे मी आधी वेगळं काढते, मग पुढचं बोलते. सरांनाही तसंच समजावलं. कंपनीने माहितीपत्रकात हे लिहायला हवं होतं. शोरूमवाल्याने विचारायला हवं होतं. गणपतरावांनी दिवा लागल्याबरोबर गाडी दाखवायला हवी होती. "तुमचा नंबर फार खाली लागतो, सर."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बराबर आहे तुझं. पण कंपनी आष्टीत राहत न्हाई. मी राहतो."

पुढच्या रविवारी सकाळी ते माझ्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट. "मॉनिटर, चावी दे."

"कशाला सर? माझी गाडी चांगली चालते आहे."

"अजून चालते. तुझी शाळा कुठं आहे? त्या वस्तीवर. किती लांब? गरम व्हायच्या आत पोचतेस. दे चावी."

तेव्हापासून दर रविवारी सर माझी गाडी वाटूरच्या फाट्यापर्यंत पळवून आणू लागले. मी नको म्हणून पाहिलं. शेवटी शाळेची कामं बाजूला ठेवून मी शेजारी बसायला लागले, निदान त्यांना सोबत म्हणून. परतूर मागे पडलं की ते गिअर मुद्दाम खालचा ठेवायचे, आरपीएमचा काटा तीन हजारांच्या वर नेऊन तिथे धरायचे, आणि कान किंचित इंजिनाकडे कलता. गप्पा नाहीत, गाणी नाहीत. वाटूरच्या टपरीवर चहा सांगायचे, बॉनेट उघडायचे आणि हात पाठीमागे बांधून आत बघत उभे राहायचे. पेशंटच्या खाटेपाशी उभं राहावं तसे.

एकदा मी विचारलं, "काय दिसतं सर यातून?"

"काही न्हाई. व्हॉल्व्ह आत असतात."

"मग?"

"आपण विचारपूस करायला आल्तो, एवढं तरी कळलं पाहिजे ना," ते म्हणाले. कुणाला कळलं पाहिजे, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा चहा दर वेळी गार व्हायचा. तो निवला की एका घोटात संपवून ते बॉनेट लावायचे.

पण त्यांचा जीव अडकला होता तो दुसऱ्या गाडीत. गणपतरावांनी साफ करून आणलेली गाडी अंगणात लावली, वर ताडपत्री टाकली आणि मोटारसायकल काढली. "जिनं पाहुण्यांपुढं नाक कापलं, तिच्यात मी बसत न्हाई." सर दर रविवारी माझ्याकडे यायच्या आधी त्यांच्या दुकानी जायचे. एकदा मी दळण घेऊन तिथूनच चालले होते, तेव्हा ऐकलं.

"गणपत, चावी दे. उभी गाडी जास्त खराब होती. मी पळवून आणतो."

"मास्तर, तुम्ही आता ड्रायव्हर झालात का?"

"तसं समज."

"मला ड्रायव्हर नको. तुमचे उपकारबी नको. जा तुम्ही, मॅडमची गाडी पळवा. तिला तरी सुखानं चालू द्या."

"एकदा दे. एकच फेरी."

"न्हाई म्हनलं ना."

सर बाकाकडे बघून निघून आले. बसायला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण त्यांना बसताही आलं नाही. त्यानंतर वाटूरला निघताना दुकानासमोर आलो की ते गाडी हळू करायचे आणि एकदा हॉर्न वाजवायचे. गणपतराव पोत्यांच्या थप्पीकडे तोंड करून उभे असायचे. हॉर्न ऐकू येत होता, हे त्यांच्या मानेवरून कळायचं.

सरांचा सल्ला घ्यायला लोक यायचे थांबले नाहीत. सर मात्र बदलले. गादीखालची माहितीपत्रकं तशीच राहिली. कुणी विचारलं की टॉर्क नाही, हॉर्सपॉवर नाही, "रोज कुठं जाता? किती जण? वाटेत किती वेळा थांबता? घरी कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं का?" असं चालायचं. लोकांना ते आवडायचं नाही. गाडी घ्यायला आलेल्या एका शिक्षकाला त्यांनी सगळं विचारून शेवटी सांगितलं, "तुम्हाला स्कूटर पुरे." तो पुन्हा आला नाही. माणसांचं इंजिन ओळखायचंही त्यांनी सोडून दिलं. सखूबाई सेवानिवृत्त झाल्या तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "काय सर, टॉर्क?" ते म्हणाले, "ती घरी एकटी काय करील आता, ते बघ आधी."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी अंघोळ करून अंगणात उन्हाला बसले होते. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. अंत्ययात्रेत गणपतरावांनी खांदा दिला आणि शेवटपर्यंत बदलू दिला नाही. स्मशानात लोक बोलले, सरांच्या सिरिंजची गोष्ट निघाली, काही जण ओल्या डोळ्यांनी हसलेही. गणपतराव एका बाजूला उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "एकच फेरी मागत व्हता तो. काय जात व्हतं माझं?"

पुढच्या रविवारी सकाळी दारात हॉर्न वाजला. बाहेर गणपतराव होते, त्या गाडीत. ताडपत्रीखाली बॅटरी उतरली होती, नवी त्यांनी आदल्या दिवशी बसवून घेतली होती. टाकीतल्या शिळ्या पेट्रोलवर गाडी जागच्या जागी थरथरत होती. काचेवर धुळीचे ओघळ होते. पुसलेली होती ती फक्त ड्रायव्हरच्या समोर.

"मॅडम, मास्तर कोणत्या रस्त्यानं जायचे?"

"तुम्हाला माहीत आहे. तुमच्या दुकानावरूनच जायचे."

त्यांनी स्टिअरिंगकडे पाहिलं. "जायचे. हॉर्नबी वाजवायचे." मग जरा थांबून, "तुम्ही पुढं व्हा. मी मागून येतो. ही कुठं बंद पडली तर..."

"तर ढकलू," मी म्हणाले. एरवी या शब्दावर ते पेटले असते. त्यांनी नुसती मान हलवली.

परतूर मागे पडल्यावर मी गिअर खालचा घेतला. आरशात गणपतरावांची गाडी गचके देत, पण येत होती. उभं राहून आलेला बिघाड एका फेरीने जात नाही, हे मला ठाऊक होतं. बॅटरी बसवणाऱ्याने ते त्यांनाही सांगितलं असणार. आम्ही वाटूरला पोचलो. टपरीवर मी चहा सांगितला. गणपतराव उतरले, बॉनेटचा खटका शोधायला त्यांना वेळ लागला. उघडल्यावर ते गोंधळून माझ्याकडे वळले.

"मला यातलं काय कळत न्हाई, मॅडम. मास्तर किती वेळ बघायचे?"

"चहा निवेपर्यंत."

त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि आत बघत उभे राहिले. टपरीवाल्याने वाफाळता चहा आणून त्यांच्याजवळच्या दगडावर ठेवला. तो निवला, त्यावर साय धरली, तरी गणपतराव हलले नाहीत.